ठिगळाची उलटी बाजू

भुसावळात माझं पिको-फॉलचं दुकान आहे. काउंटरच्या मागे भिंतीवर काचेची एक चौकट टांगलीय, तिच्यात सोळा कापडी बिल्ले. साडी टाकायला आलेल्या बायकांची नजर तिकडे जाते आणि दहातल्या आठ जणी एकच विचारतात, "हे कोणत्या शाळेचे हो भाऊ?" पूर्वी मी सगळं सांगत बसायचो. हल्ली "बाहेरगावच्या" म्हणतो आणि साडीला जुळणारा दोरा शोधायला लागतो.

ते लढाऊ जहाजांचे पॅच आहेत. खलाशांच्या जॅकेटवर, टोपीवर, कामाच्या कपड्यांवर शिवलेले. चौकटीतले सोळा म्हणजे नमुना. बाकीचे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये, कडुनिंबाच्या पाल्यासकट. खानदेशात राहून माणसानं जहाजांचा नाद करावा यातला विनोद मला कळतो. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत मिळून समुद्राचा एक थेंब नाही. आहे ती तापी, आणि तीसुद्धा आपल्याला ओलांडून सुरतेला जाऊन समुद्राला मिळते. लग्न होईपर्यंत मी समुद्र पाहिलेला नव्हता. पाहिला तेव्हा बायकोनं विचारलं, "कसा वाटला?" मी म्हटलं, "आवाज फार करतो." (ती ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगते.)

नादाची सुरुवात आईच्या एका वाक्यानं झाली. वडील रेल्वेत गार्ड, आई क्वार्टरमध्येच शिवणकाम करायची. 1983 च्या हिवाळ्यात तिनं आठवडी बाजारातून परदेशी जुन्या कपड्यांच्या ढिगातलं एक जाड निळं जॅकेट आणलं, माझ्यासाठी लहान करायला. बाहीवर एक गोल ठिगळ होतं. ते काढून टाकायच्या आधी तिनं उलटं केलं. आईची ती सवयच होती. कोणाचंही शिवलेलं ब्लाउज हातात आलं की ती आधी आतली बाजू बघायची. वरून सगळेच चांगलं शिवतात म्हणायची. ठिगळाच्या मागे एका अक्षरापासून दुसऱ्या अक्षरापर्यंत दोऱ्याच्या उड्या होत्या, न कापलेल्या. बॉबिनलाही वरचाच दोरा भरलेला, त्यामुळे अख्खं चित्र मागेही उमटलेलं, आरशात दिसावं तसं. आई म्हणाली, "हे कारखान्यातलं नाही. मशीन आहे, पण कापड हातानं फिरवलंय. आणि घाईत."

पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की ती अगदी बरोबर होती. अमेरिकन जहाजं जपानमध्ये योकोसुकाला, फिलिपिन्समध्ये सुबिक बेला थांबायची. नाविक तळाच्या बाहेर शिंप्यांच्या दुकानांची रांगच असायची. खलाशी सुट्टीवर उतरायचे, ऑर्डर द्यायचे आणि जहाज सुटायच्या आत माल हातात हवा असायचा. ती घाई त्या उड्यांमध्ये शिवली गेली होती. योकोसुका म्हणजे काय हे माझ्या आईला मरेपर्यंत माहीत नव्हतं. घाई मात्र ओळखू आली.

त्या ठिगळावर नाव होतं 'यूएसएस सॅक्रॅमेंटो'. मला वाटलं मोठी तोफांची बोट असणार. वर्गात मी तसंच सांगितलंही. खरं तर ते सामानवाहू जहाज. 1964 साली अमेरिकन नौदलात आलं, 2004 पर्यंत चाललं. काम काय, तर चालत्या जहाजांना भर समुद्रात तेल, दारूगोळा आणि खाण्याचं सामान पोचवायचं. म्हणजे सोप्या भाषेत मालगाडी. हे कळलं तेव्हा मी खट्टू झालो होतो, पण वडील खूश झाले. मालगाडीवरच्या गार्डाला एक्स्प्रेसवाल्यांबद्दल जी अढी असते ती त्यांना होती.

आणि या मालगाडीच्या पोटात काय होतं ते वाचल्यावर तर मी त्या जहाजाच्या प्रेमातच पडलो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं 'केंटकी' नावाची प्रचंड युद्धनौका बांधायला घेतली होती. ती कधी पुरी झालीच नाही. 1956 मध्ये 'विस्कॉन्सिन' या तिच्याच जातीच्या युद्धनौकेची एका विनाशिकेशी टक्कर होऊन नाकाड फुटलं, तेव्हा अर्धवट केंटकीचं नाक कापून विस्कॉन्सिनला जोडलं. 1958 साली उरलेला सांगाडा भंगारात विकला. पण तिच्यासाठी बनवलेली इंजिनं काढून ठेवली होती, ती सॅक्रॅमेंटो आणि तिच्या बहिणीला, 'कॅम्डेन'ला बसवली. म्हणजे कधीच लढाईला न गेलेल्या युद्धनौकेचं काळीज घालून हे जहाज चाळीस वर्षं कांदे-बटाटे पोचवत फिरलं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग ती बोटच ठिगळाची आहे की." आमच्या घरातली एकही गोधडी याहून वेगळ्या रीतीनं तयार झाली नव्हती.

पुढे पत्रमैत्रीतून अदलाबदल सुरू झाली. एकास एक, हा साधा नियम. आधी कोण पाठवणार यावर मात्र दोन-दोन महिने जायचे. पॅच जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत दाबायचा, वर बटरपेपर, आणि पाकिटावर इतकी तिकिटं की पत्त्याला जागा उरू नये. माझ्याकडे बाहेरच्यांना हवंसं काय होतं? देवनागरी. आपल्या जहाजांच्या बोधचिन्हांखाली संस्कृत वचन असतं. जुन्या विक्रांतचं ऋग्वेदातलं, 'जयेम सं युधि स्पृधः'. विराटचं 'जलमेव यस्य बलमेव तस्य'. परदेशातल्या संग्राहकांना ही अक्षरं फार सुंदर वाटतात. त्यातून जरीच्या तारेचं हाताचं भरतकाम असेल तर विचारूच नका. तारेचे असे बिल्ले बनारसकडचे कारागीर देशोदेशीच्या फौजांसाठी भरतात. त्यातल्या कितीतरी गोऱ्या अधिकाऱ्यांना आपल्या छातीवरचा मुकुट कुठल्या गल्लीत बसून भरला गेला हे ठाऊक नसेल.

पारख करायला शिकलो ती मात्र दुकानातच. पॅचची कडा दोन प्रकारची. जुन्या पॅचमध्ये भरतकाम काठापर्यंत नेऊन कापड कात्रीनं कापलेलं असतं. नंतरच्या काळात काठावर दोऱ्याची जाड, गोल गुंडाळी सर्रास आली. साडीला पिको करतात त्याची ती चुलत बहीण. ज्या यंत्रावर ती होते त्यावरून तिला मेरो कडा म्हणतात. गुंडाळी जिथे संपते तिथे दोऱ्याची एक शेपटी राहते, ती मागे चिकटवलेली असते. नव्या गिऱ्हाइकाला मी आधी ती शेपटी दाखवतो. मग पाठ बघायची. कापड उघडं आहे, जाळीदार मलमल लावलीय, की प्लॅस्टिकचा पापुद्रा वितळवून बसवलाय? पापुद्रा असेल आणि विकणारा "दुसऱ्या महायुद्धातला" म्हणत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

अतिनील टॉर्चचीही एक परीक्षा आहे. नोटा तपासायला सराफाकडे असतो तो छोटा जांभळा टॉर्च. महायुद्धानंतरच्या कृत्रिम दोऱ्यांत आणि चमक आणणाऱ्या रसायनांत तो प्रकाश उजळतो. त्याआधीचा सुती दोरा मरगळलेलाच राहतो. ही परीक्षा मी माझ्याच हातानं नापास झालो आहे. रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन मावशी ऑस्ट्रेलियाला निघाल्या तेव्हा घरातलं किडूकमिडूक विकत होत्या. बटणांच्या डब्यात मला एक मळका पॅच सापडला: टॉर्पेडोवर स्वार झालेला डास. अमेरिकेच्या पीटी बोटींचं, म्हणजे टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या वेगवान बोटींचं, ते चिन्ह. महायुद्धात डिस्नेच्या स्टुडिओनं लष्करी तुकड्यांसाठी शेकडो चिन्हं काढून दिली, त्यातलं हे एक. डब्यासकट पाच रुपयांना मिळाला. मी आनंदानं घरी आणला आणि छान स्वच्छ व्हावा म्हणून रात्रभर टिनोपालमध्ये भिजत घातला.

टिनोपाल म्हणजे काय, तर कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून चमक आणणारं तेच रसायन! पुढे तो पॅच मी अमेरिकेत एकाला अदलाबदलीसाठी पाठवला. त्यानं टॉर्च मारला. डास काजव्यासारखा पेटला असणार. पत्र आलं ते सभ्य भाषेतलं, पण मजकूर एकच, नकली माल पाठवल्याबद्दल. मी टिनोपालवर दोन पानांचं स्पष्टीकरण लिहिलं. उत्तर आलं नाही. डास तेवढा परत आला. चौकटीत खालून दुसऱ्या ओळीत आहे तो.

आता एक भांडण. संग्राहकांच्या जगात न वापरलेल्या पॅचला मान. शिवल्याची भोकं नाहीत, मळ नाही, रंग कोरा, की किंमत चढली. वापरलेला म्हणजे दुय्यम. मला हे कधीच पटलेलं नाही. न वापरलेला पॅच म्हणजे जहाजावरच्या दुकानात विकला न गेलेला माल. तो कोणाच्याही दंडावर चढला नाही, खारं वारं त्याला लागलं नाही, इंजिन रूमचं तेल त्यावर पडलं नाही. कित्येकदा तो जहाजावर गेलेलाही नसतो, कारखान्यातून थेट डब्यात. उलट काठानं ओळीत टाक्यांची भोकं असलेला पॅच हातात घेतला की माणूस दिसायला लागतो. एकसारखी भोकं असतील तर शिंप्यानं मशीनवर शिवलाय. वाकडीतिकडी, लांब टाके असतील तर त्या गड्यानं स्वतः बंकवर बसून सुई चालवलीय. दोन रांगा असतील तर एका जॅकेटवरून काढून दुसऱ्यावर लावलाय. जॅकेट फाटलं, जहाज सोडवेना. सॅक्रॅमेंटोच्या पॅचला अशा दोन रांगा आहेत. तिसरी माझी, शाळेच्या दप्तराची.

या मतामुळे माझा व्यवहार कायम तोट्यात. कोरे देतो, मळके घेतो. समोरच्याला वाटतं भुसावळचा माणूस खुळा आहे. खुळ्यांची खानदेशात परंपरा आहे म्हणा. चाळीसगाव स्टेशनजवळच्या घरात केकी मूस यांनी वर्षानुवर्षं बाहेर न पडता फोटो काढले आणि कलावस्तू जमवल्या. ते घर बघून आलो तेव्हा बायको गाडीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्ही निदान दुकानात तरी जाता."

आपल्या नौदलाचे जुने पॅच मिळणं कठीण. पूर्वी खलाशाच्या जहाजाची ओळख असायची ती टोपीभोवतीच्या काळ्या फितीवर, सोनेरी अक्षरांत. कापडी पॅचचं पीक नंतरचं. म्हणून कोणी '1971 चा अस्सल पॅच' म्हटलं की मी सावध होतो. एकदा एकानं खुकरीचा आणला. डिसेंबरच्या 9 तारखेला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं बुडवलेली ती आयएनएस खुकरी. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. 18 अधिकारी, 176 खलाशी. त्या पॅचला मेरो कडा, मागे चकचकीत पापुद्रा, आणि पॉलिएस्टरचा दोरा असा ताजा की सुरतेच्या कॉम्प्युटर मशीनची ऊब अजून जायची होती. नकला मी पुष्कळ पाहिल्यात, हसून सोडून देतो. त्या दिवशी हसू आलं नाही. ज्या जहाजावरून एवढी माणसं कपड्यांसकट पाण्यात गेली, त्याच्या बाहीवरचा म्हणून हा तुकडा विकणार. त्याला चहाही पाजला नाही.

विक्रांतची गंमत निराळी. जुनी विक्रांत 1961 ते 1997 नौदलात होती. मग मुंबईत संग्रहालय, मग 2014 मध्ये भंगार. तिचं पोलाद घालून बजाजनं 2016 साली मोटरसायकल काढली, तीही आमच्या गल्लीत एकाकडे आहे आणि तो ती हौदाजवळ धुतो. नवी विक्रांत 2 सप्टेंबर 2022 ला दाखल झाली, तिचा क्रमांकही जुन्याचाच, आर 11. त्यामुळे आकडा बघून जुनी-नवी ठरवणारे फसतात. मला त्या दिवाळीत तीन "जुन्या विक्रांत" आल्या, तिन्ही वर्षभराच्या आतल्या.

नवशिक्यांची आणखी एक फसगत म्हणजे आयएनएस शिवाजी. पॅच बघून विचारतात, ही बोट कधी निघाली? ती निघणार नाही. ती लोणावळ्याला आहे, डोंगरात. नौदलाच्या इंजिनिअरांचं प्रशिक्षण केंद्र. किनाऱ्यावरच्या केंद्रांनाही नौदल जहाजाचंच नाव देतं आणि तिथे नेमणूक झालेला माणूस कागदोपत्री 'जहाजावर' असतो. हे कळलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. लोणावळ्याच्या घाटात जहाज चालत असेल तर भुसावळच्या पिको-फॉलमध्ये का नाही?

(मधेच सांगतो. कॉलेजची पोरं येतात, "काका, हा आमच्या जॅकेटवर लावून द्या." परदेशी, बंद झालेल्या जहाजाचा असेल तर लावतो. आपल्या नौदलाचा नाही. सैनिक नसताना तसं भासावं म्हणून सैनिकाचं चिन्ह मिरवणं हा गुन्हा आहे, आणि नसता तरी मी लावला नसता.)

माझ्याकडचा सगळ्यात मळका पॅच मात्र पाकिटातून आलेला नाही. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत अमळनेरकडे एका साखरपुड्याला गेलो होतो. परत येताना मेहुण्यानं ओळखीच्या एका शेतात गाडी थांबवली. हुरड्यावर आलेली दादर ज्वारी होती. मधोमध बुजगावणं. डोक्यावर मडकं, अंगात जॅकेट. त्याच्या दंडावर एक गोल, उन्हानं पार पांढरा पडलेला तुकडा. मी हुरडा टाकून दादरीत शिरलो.

शेतमालक मागून आले. साठीच्या घरातले, ताठ. म्हणाले, "काय पाही राह्यनात भाऊ?"

"हे जॅकेट कोणाचं?"

"मनंच शे. बोटवर व्हतू मी. पंधरा वरीस."

कोणती बोट, विचारलं तर मेहुण्यानं मध्येच माझ्या नादाची सगळी कुंडली सांगून टाकली. त्या माणसाच्या डोळ्यांत खट्याळपणा आला. "जानकार शेत ना तुम्ही? मंग वाचा."

वाचायला काही उरलंच नव्हतं. समोरून ठिगळ म्हणजे धुतलेलं पोतं. अक्षरांच्या जागी नुसते उंचवटे, रंग एकही नाही. मी बोट फिरवून बघितलं, काही लागेना. मग आई आठवली. खिशात ब्लेडचा तुकडा असतो, धंद्याची खोड. विचारलं, "चार टाके उसवू का?" ते म्हणाले, "उसव." बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

उजव्या काठाचे टाके कापले आणि ठिगळ डावीकडे दुमडलं. ऊन कधीच न लागलेली बाजू. गडद निळा, पिवळा, अगदी कालचा. बॉबिनला वरचाच दोरा भरलेला. अक्षराअक्षरांमध्ये उड्या. इंग्रजी अक्षरं, उलटी, मी डावीकडून एकेक वाचत गेलो: आय, आर, ए, व्ही, ए, डी, ओ, जी.

"गोदावरी," मी म्हटलं. "आणि हा पॅच नौदलानं दिलेला नाही. बाहेरच्या शिंप्याकडून करून घेतलाय. घाईत."

ते क्षणभर बघत राहिले. मग इतक्या मोठ्यानं हसले की दादरीतली पाखरं उठली. मुंबईत डॉकयार्डच्या बाहेरच्या एका टेलरकडून करून घेतला होता, दुसऱ्या दिवशी बोट सुटायची होती. आयएनएस गोदावरी, माझगाव गोदीत बांधलेली, 1983 च्या डिसेंबरात नौदलात आलेली आणि 2015 च्या डिसेंबरात निवृत्त झालेली. 1988 मध्ये मालदीवमध्ये बंड करणारे ओलीस घेऊन जहाजातून पळाले तेव्हा पाठलाग करून त्यांना अडवणाऱ्यांत ती होती. मी उत्साहानं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तवय मी नव्हतू. मी गऊ तवय बोट रंगाडानं काम चालू व्हतं. सा महिना रंगच दिधा." मग बांधाकडे बघत म्हणाले, "नाव गोदावरी. आमनी तापी तठे कोनलेच ठाऊक नही व्हती."

मी विचारलं, देता का. त्यांनी जॅकेटकडे पाहिलं, शेताकडे पाहिलं.

"लई जाय ना. पन पाखरं कोन हाकली?"

एकास एक, हा माझा नियम. मी अंगातलं विंडचीटर काढलं. दिवाळीलाच घेतलेलं, बायकोनं. त्यांनी ते बुजगावण्याला घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, मडकं सारखं केलं. परतताना गाडीत मी कुडकुडत होतो आणि मांडीवर गोदावरी. घरी काय झालं ते इथे लिहीत नाही.

आठवड्यानं त्यांचा फोन आला.

"भाऊ, तुनं जॅकेट फार नवं शे. पाखरं त्याले भेत नही. जुनं काही व्हई तं धाडी दे."